मावशीला झालेला उशीर : ‘चार्लीज आण्ट’चा वसाहतींतील प्रयोगेतिहास

इंग्रजी रंगभूमी आणि वसाहती यांच्या संबंधाचा विचार आपल्याकडे जवळजवळ नेहमीच शेक्सपिअरच्या आधाराने झाला आहे. महाजनींची ‘तारा’, आगरकरांचे ‘विकारविलसित’, देवलांचा ‘झुंझारराव’, केळकरांची ‘त्राटिका’ अशी नामावली एकदा देऊन झाली की विषय संपतो, असा वाङ्मयेतिहासकारांचा समज दिसतो. याचे कारण उघड आहे. शेक्सपिअर अभ्यासक्रमात होता. त्याच्यावर परीक्षा होत, पदव्या मिळत, निबंध लिहिले जात. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ (१९८९) या ग्रंथात इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन हे राज्यशासनाचेच एक साधन कसे होते हे दाखविल्यापासून या अभ्यासक्रमी शेक्सपिअरकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलली खरी. पण नजर मात्र त्याच्यावरच खिळून राहिली. राज्यकर्त्यांनी जे शिकविले त्याचा हा इतिहास आहे. राज्यकर्ते स्वतः संध्याकाळी कशाला हसत होते, याचा इतिहास अजून लिहिला गेलेला नाही.

ते हसत होते मुख्यतः फार्सला. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नाट्यगृहांत गंभीर नाटकाच्या आगेमागे एकअंकी फार्स असावयाचाच. लेसीसारख्या प्रकाशकांनी छापलेल्या स्वस्त प्रयोगप्रतींमधून तो जहाजाने सर्वत्र जाई. पात्रे थोडी, स्थळ एकच, सामान म्हणजे दोनतीन दारे आणि एक टेबल. छावणीतील हौशी मंडळींना याहून सोयीचे काय असणार? आपल्याकडेही पौराणिक आख्यानानंतर फार्स करण्याची प्रथा १८५० च्या दशकातच पडली. २९ ऑक्टोबर १८५३ रोजी मुंबईच्या ग्रँट रोड नाट्यगृहात पारशी मंडळींनी पहिला प्रयोग केला, तेव्हा रुस्तुम-सोहराबाच्या कथेच्या जोडीला ‘धनजी गरक’ नावाचा फार्स होताच. ‘फार्स’ हा शब्द मराठीने भाषांतर न करता घेतला आणि ‘प्रहसन’ हा घरचा शब्द असतानाही तोच रुळला, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे. तरी समीक्षेने या प्रकाराला दारातच थांबविले. जे हसविण्यापलीकडे काही करीत नाही त्यात अभ्यासण्यासारखे काय, ही त्यामागील भूमिका. प्रस्तुत लेखात एका फार्सचा वसाहतींतील प्रवास तपासावयाचा आहे, तो या भूमिकेला छेद देण्यासाठीच.

ब्रँडन थॉमसचे ‘चार्लीज आण्ट’ हे तीन अंकी नाटक प्रथम २९ फेब्रुवारी १८९२ रोजी बरी सेंट एडमंड्स या गावी झाले. त्याच वर्षी २१ डिसेंबरला ते लंडनच्या रॉयल्टी नाट्यगृहात आले, जानेवारी १८९३ च्या अखेरीस तेथून ग्लोबमध्ये गेले, आणि १,४६६ प्रयोग झाल्यावरच थांबले. हा त्या काळचा उच्चांक होता. १८९५ मध्ये वाइल्डचे ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ रंगभूमीवर आले, आणि लेखकाच्या अटकेनंतर लवकरच उतरले, तेव्हा ‘चार्लीज आण्ट’ त्याच शहरात निर्वेधपणे चालू होते. दोन्ही नाटकांत खोट्या नावांचा आणि खोट्या नात्यांचा खेळ आहे. एकाला समीक्षेने अभिजाताचे आसन दिले, दुसऱ्याला प्रेक्षकांवर सोपविले.

कथानक थोडक्यात असे. ऑक्सफर्डमधील जॅक चेस्नी आणि चार्ल्स वायकहॅम या दोन विद्यार्थ्यांना आपापल्या आवडत्या मुलींना जेवणासाठी खोलीवर बोलवावयाचे आहे. मुलींनी अविवाहित तरुणांच्या खोलीवर यावयाचे तर सोबत कोणी वडीलधारी स्त्री हवी. सुदैवाने चार्लीची ब्राझीलहून येणारी, कधीही न पाहिलेली, अतिश्रीमंत विधवा आण्ट, डोना लुसिया, त्याच दिवशी पोहोचणार आहे. पण मुली यायच्या वेळी तार येते की आण्ट आज येत नाहीत. मग फॅन्कोर्ट बॅबर्ली या मित्राला आण्ट व्हावे लागते. त्याच्याजवळ म्हाताऱ्या बाईचा पोशाख तयारच आहे, कारण हौशी नाटकात त्याला तसे काम करावयाचे आहे. पुढे खरी आण्ट वेगळ्या नावाने येऊन सगळे पाहत बसते, आणि दोन वयस्क पुरुष संपत्तीच्या आशेने खोट्या आण्टच्या मागे लागतात.

या रचनेत दोन गोष्टी पायाभूत आहेत, आणि त्या नीट लक्षात घेतल्याशिवाय पुढील इतिहास उलगडत नाही. पहिली सामाजिक: प्रौढ अविवाहित मुली तरुणांना भेटू शकतात, मात्र एका वडीलधाऱ्या स्त्रीच्या देखत. भेट पूर्णपणे मोकळी असती तर आण्टची गरज नव्हती. पूर्णपणे अशक्य असती तर आण्टचा उपयोग नव्हता. फार्स उभा आहे तो या दोहोंमधल्या फटीत. दुसरी गोष्ट रंगभूमीची: बॅबर्लीच्या शेजारी ज्या स्त्रिया उभ्या आहेत त्या खऱ्या नटी असल्या पाहिजेत. पोशाखातील पुरुष हा त्या मेळाव्यात एकटाच पुरुष-स्त्री हवा. इंग्रजी रंगभूमीवर १६६० नंतर स्त्रीभूमिका स्त्रियांकडे गेल्या होत्या; ख्रिसमसच्या पँटोमाइममधील ‘डेम’ हा अपवाद होता, आणि डॅन लेनोसारख्या नटाने तो लोकप्रियही केला होता. पण डेम ही कथेत स्त्रीच असते. बॅबर्ली हा कथेतही पुरुष आहे. प्रेक्षक, दोघे मित्र आणि जॅकचा नोकर ब्रॅसेट यांना ते ठाऊक आहे, इतरांना नाही. हसू या ज्ञानाच्या विषम वाटणीतून येते. ज्याच्यासाठी हे काम लिहिले गेले तो डब्ल्यू. एस. पेनली हा नट याआधी ‘द प्रायव्हेट सेक्रेटरी’ या फार्समधील भोळ्या पाद्र्याच्या भूमिकेसाठी प्रसिद्ध होता. हुबेहूब स्त्री दिसण्यासाठी नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गंमत येथेच नोंदविली पाहिजे. नाटकात विद्यापीठीय हौशी रंगभूमीचा जो उल्लेख येतो तो निव्वळ सोय म्हणून येत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाची नाट्यसंस्था १८८५ मध्ये स्थापन झाली तेव्हा कुलगुरू जोवेट यांनी परवानगी देताना स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात अशी अट घातली होती. केंब्रिजमध्ये ती तरुणच करीत. म्हणजे ऑक्सफर्डच्या खोलीत एका तरुणाजवळ म्हातारीचा पोशाख असणे हे त्या काळच्या प्रेक्षकाला किंचित चोरटे वाटण्याजोगे होते. १८७० मध्ये बोल्टन आणि पार्क या दोन तरुणांना स्त्रीवेषात फिरताना पकडले गेले होते. पुढल्या वर्षी ते सुटले, पण त्या खटल्याची आठवण पुसली गेली नव्हती. फार्सने त्या भीतीला वयस्क, काळ्या रेशमी पोशाखातील, निरुपद्रवी रूप दिले.

आता वसाहतींकडे वळावयाचे. पण हा फार्स वसाहतींत जाण्याआधीच वसाहत या फार्समध्ये येऊन बसली आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. जॅकचे वडील कर्नल सर फ्रान्सिस चेस्नी हे हिंदुस्थानातील नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. पदवी वारशाने मिळाली, तिच्याबरोबर कर्जही मिळाले. वीसेक वर्षांपूर्वी एका मुलीवर त्यांचे मन जडले होते. परंतु लाजऱ्या लेफ्टनंटाने मनातले सांगण्याआधीच त्याची पलटण हिंदुस्थानात रवाना झाली. ती मुलगी म्हणजेच आजची डोना लुसिया. म्हणजे कर्नलसाहेबांना हिंदुस्थानाने वियोग दिला आणि डोना लुसियाला ब्राझीलने पैसा दिला. समुद्रापलीकडचा प्रदेश येथे कधी दिसत नाही. तेथून फक्त माणसे आणि थैल्या येतात. ‘द प्रायव्हेट सेक्रेटरी’मध्ये हिंदुस्थानातून परतलेला तापट श्रीमंत काका आहे. शेरिडनच्या ‘स्कूल फॉर स्कँडल’मध्येही (१७७७) पूर्वेकडून पैसा कमावून आलेला सर ऑलिव्हर आहे. इंग्रजी विनोदी नाटकाचा अर्थव्यवहार शंभरसव्वाशे वर्षे याच बंदरातून चालला होता. घरातील तरुणांजवळ पैसा नसतो. तो कसा आला हे कोणी विचारीत नाही. आणि तो आणणारी व्यक्ती थोडी विचित्र, थोडी हास्यास्पद असते. ब्राझील ही ब्रिटिशांची वसाहत नव्हती, हे खरे. पण लंडनच्या भांडवलाचा तेथे जो वावर होता तो पाहता प्रेक्षकांच्या कल्पनेत फरक फारसा पडत नसावा. त्या प्रदेशाची ओळख बॅबर्लीच्या तोंडून जी होते ती शेंगादाण्यांच्या वळणाची आहे: तेथे कठीण कवचाची फळे पिकतात, बस्स.

गोऱ्या वस्तीच्या वसाहतींमध्ये या नाटकाला अडचण आलीच नाही. फ्रँक थॉर्नटन या इंग्रज विनोदी नटाने १८९० च्या दशकात ते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये नेले. तेथील प्रेक्षकाला ऑक्सफर्ड म्हणजे ‘घर’ होते, पाहिलेले असो वा नसो. नाटकाच्या दोन्ही पायाभूत अटी, देखरेखीखालील भेटीची रीत आणि नटींची उपस्थिती, जहाजातून त्यांच्याबरोबरच आल्या होत्या. म्हणून तेथील प्रयोगांविषयी सांगण्यासारखे कमी आहे. ते लंडनच्या प्रयोगाची लांबलेली सावली होते. हिंदुस्थानातील इंग्रजांचे थोडे निराळे. सिमल्याचे गेइटी नाट्यगृह १८८७ मध्ये उघडले. किपलिंगने तेथे काम केले आहे. पुढे मॉरिस बँडमनने जिब्राल्टरपासून पूर्वेकडील बंदरांपर्यंत नाट्यमंडळ्यांची फेरी बांधली. मुंबईच्या ज्या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांनी केले ते त्याच व्यवसायातून उभे राहिले. या फेऱ्यांतून संगीतिका आणि फार्स आले व गेले. या वसाहती केवळ ग्राहक नव्हत्या, हे मात्र एका उदाहरणावरून दिसते. जॉन मिल्स हा नट ‘द क्वेंट्स’ या फिरत्या मंडळीतून पूर्वेकडील दौऱ्यावर होता. १९३० मध्ये सिंगापूरला नोएल कॉवर्डने त्याला पाहिले. आणि त्याच वर्षी लंडनला परतल्यावर मिल्सने केलेल्या भूमिकांत चार्लीच्या आण्टची भूमिका होती. १९५४ मध्ये गिलगुडच्या दिग्दर्शनाखाली त्याने ती पुन्हा केली. साम्राज्याच्या कडेला शिकलेली आण्ट राजधानीत आली, असे म्हणता येईल.

आपल्या दृष्टीने खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. हिंदुस्थानी रंगभूमीने, विशेषतः मराठी रंगभूमीने, हे नाटक केव्हा आणि का स्वीकारले? लंडनमध्ये ते गाजत होते तेव्हा मराठी नाटककार इंग्रजी विनोदी नाटकांपासून दूर होते असे नाही. १८९३ मध्येच गोविंद बल्लाळ देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे नाटक दिले. त्याचा आधार आर्थर मर्फीचे ‘ऑल इन द राँग’ हे १७६१ मधील नाटक होते, आणि त्याच्याही मागे मोलिएर उभा होता. पुढे १९१६ मध्ये तेच ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. म्हणजे ग्लोबमध्ये ‘चार्लीज आण्ट’चा पडदा रोज वर जात असताना देवल सव्वाशे वर्षे जुन्या सुखात्मिकेचे मराठीकरण करीत होते. हे मागासलेपण नव्हते. ती अचूक निवड होती.

‘संशयकल्लोळ’मधील स्त्रिया पाहा. एक फाल्गुनरावाची पत्नी कृत्तिका, दुसरी रेवती. रेवती ही मघा नायकिणीची मुलगी आहे. अश्विनशेठ तिच्याकडे जाऊ शकतो, तिला तसबीर देऊ शकतो, तिच्याशी लग्नाच्या आणाभाका करू शकतो, ते ती कलावंतिणीच्या घरची असल्यामुळे. कुलीन घरातील अविवाहित प्रौढ मुलगी ही व्यक्तीच तेव्हाच्या मराठी समाजात जवळजवळ नव्हती. रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ असा गाजला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली तर केवढा गदारोळ झाला! अशा समाजात दोन मुली एका वडीलधारीच्या सोबतीने तरुणांच्या खोलीवर जेवायला येतात, हे फार्स म्हणूनही चालले नसते. अतिशयोक्तीला आधी उक्ती लागते. देवलांनी शंकेखोर नवरा-बायको उचलले आणि प्रेमिका नायकिणीच्या घरातून आणली, कारण त्यांच्या समाजात स्त्री-पुरुषांच्या भेटीच्या तेवढ्याच दोन जागा होत्या. १९२९ चा शारदा कायदा, मुलींची महाविद्यालये, शहरी मध्यमवर्गात लांबलेले लग्नाचे वय, या सगळ्यांनंतर म्हणजे पन्नासएक वर्षांनी ऑक्सफर्डमधली ती फट पुण्यामुंबईत निर्माण झाली. मुलगी भेटू शकते, पण एकटी नाही.

तरीही ही अट दुय्यम होती असे मला वाटते. सामाजिक अडथळा नाटककार चातुर्याने वळसा घालून ओलांडू शकतो, जसा देवलांनी ओलांडला. रंगभूमीच्या संकेताला वळसा घालता येत नाही. १८९३ च्या मराठी रंगभूमीवर सर्व स्त्रिया पुरुष होते. भाऊराव कोल्हटकर स्त्रीभूमिकांसाठी विख्यात होते; पुढे १९०५ पासून बालगंधर्वांचे युग आले. त्यांच्या साड्यांचे, दागिन्यांचे, केशरचनेचे अनुकरण खऱ्या कुलीन स्त्रिया करीत, हे सर्वश्रुत आहे. अशा रंगमंचावर बॅबर्ली येऊन उभा राहिला असता तर काय झाले असते याची कल्पना करून पाहा. शेजारच्या दोन्ही नायिका पुरुष, खरी आण्ट पुरुष, आणि त्यांच्यात हा एक साडी नेसलेला पुरुष. प्रेक्षकाने कोणाला हसावे? त्याला हसायचे तर हे आधी मान्य करावे लागेल की साडी नेसलेला पुरुष पाहून हसू येते. आणि ते मान्य केले की रेवतीकडे, सुभद्रेकडे, भामिनीकडे पाहूनही हसू येऊ शकते. संगीत नाटकाची सारी सौंदर्यव्यवस्था एका खोट्या आण्टच्या येण्याने उघडी पडली असती. ते नाटक त्या काळी आपल्याला ‘सुचले नाही’ असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. त्या रंगभूमीला ते परवडणारे नव्हते. (स्त्रियांच्या ज्या स्वतंत्र नाटकमंडळ्या होत्या त्यांत पुरुषभूमिकाही स्त्रियाच करीत, तेथे हीच अडचण उलट बाजूने होती.)

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. स्त्रीवेषातील पुरुषाला हसणे आपल्या परंपरेला अपरिचित होते काय? तमाशातील गवळणीचा भाग आठवावा. कृष्ण, पेंद्या, दहीदूध घेऊन मथुरेला निघालेल्या गवळणी, आणि त्यांच्याबरोबर मावशी. ही मावशी पुरुष करतो. ती स्त्री आहे असा भास निर्माण करण्याचा तो प्रयत्न करीत नाही. उलट आवाज, चाल, पदर सावरण्याची तऱ्हा, सगळ्यांतून आपले पुरुषपण तो मुद्दाम ओघळू देतो. आणि गवळणींना सोबत म्हणून आलेली, त्यांच्यावर नजर ठेवणारी वडीलधारी स्त्री हेच तिचे काम आहे. ऑक्सफर्डच्या खोलीत डोना लुसियाकडून जे अपेक्षित होते तेच. हा योगायोग विलक्षण आहे. पण माझ्या मते तो वरील प्रतिपादनाला बाधक नसून पोषक आहे. मावशीचे हे हास्य पुरते फुलते ते तिच्या शेजारी खऱ्या स्त्रिया नाचत असताना. जेथे नाच्या पोऱ्या होता तेथे मावशीला आपला वेगळेपणा अतिशयोक्तीने सिद्ध करावा लागे. पवळेसारख्या स्त्रिया फडात आल्या तेव्हा तो आपोआप सिद्ध झाला. म्हणजे ‘चार्लीज आण्ट’ला लागणारी रंगभूमीची अट महाराष्ट्रात एका ठिकाणी पुरी होत होती, आणि ते ठिकाण नाट्यगृहाबाहेर होते. सुशिक्षितांच्या रंगभूमीने ज्या तमाशापासून स्वतःला कटाक्षाने दूर ठेवले तेथेच चार्लीची मावशी आधीपासून वावरत होती. तिला नाट्यगृहात यायला जो उशीर झाला तो लंडनहून निघाल्यामुळे झाला की फडातून निघाल्यामुळे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

या पार्श्वभूमीवर आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’कडे पाहावे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आलेले हे नाटक ‘चार्लीज आण्ट’चे रूपांतर आहे, एवढे वाक्य लिहून आपली समीक्षा थांबते. रूपांतर हा शब्द आपण निकालासारखा वापरतो. पण येथे शीर्षकापासूनच काही घडले आहे. इंग्रजी ‘आण्ट’ ही मावशी, आत्या, काकू, मामी यांपैकी कोणीही असते. मराठीला निवड करावीच लागते, आणि प्रत्येक निवड वेगळे नाटक देते. आत्याला अधिकार आहे, मानपान आहे. काकूभोवती एकत्र कुटुंबाचा ताण आहे. माय मरो पण मावशी जगो, असे आपण म्हणतो ती मावशी मायेची, सैल, लाडावणारी आहे. तिच्या कुशीत शिरता येते, तिची थट्टाही करता येते. शिवाय गवळणीतील मावशीची आठवण या शब्दाला चिकटलेली आहे. अत्र्यांनी ती हेतुपुरस्सर जागवली असा दावा मी करीत नाही. शब्दांना लेखकाच्या हेतूची वाट पाहावी लागत नाही. ‘मोरू’ या नावाचेही तसेच. चार्ली हे साधे नाव आहे. मराठीत ‘मोरू होणे’ म्हणजे फजिती होणे. शीर्षक वाचताच कोण फसणार आणि कोण फसविणार याची वाटणी होऊन जाते.

याहून महत्त्वाचा आहे तो अत्र्यांच्या स्वतःच्या नाट्यलेखनाचा क्रम. १९३३ हे वर्ष घ्यावे. त्या वर्षी नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ आणली आणि ज्योत्स्ना भोळे, पद्मा वर्तक या स्त्रियांनी त्यात भूमिका केल्या. त्याच वर्षी बालमोहन नाटक मंडळीने अत्र्यांचे ‘साष्टांग नमस्कार’ केले, आणि त्या मंडळीत स्त्रीभूमिका मुलगे व तरुण नट करीत. म्हणजे अत्र्यांची पहिली हुकमी विनोदी नाटके, ज्यांत आधुनिक, बोलक्या, प्रेम करणाऱ्या मुली आहेत, ती रंगभूमीवर पुरुषांच्या अंगाने उभी राहिली. प्रेक्षक त्या मुलींना हसला नाही. त्यांच्या बोलण्याला हसला. पुढच्या दीड दशकात नटी ही वस्तुस्थिती झाली, आणि मग त्याच लेखकाने असे नाटक दिले की ज्यात पुरुषाचे स्त्री होणे हाच विनोद आहे. मावशीचे काम बापूराव माने यांनी केले, आणि माने हे बालमोहनमध्ये स्त्रीभूमिका करीत वाढलेले नट होते.

या निवडीचा अर्थ नीट उकलला पाहिजे. पेनली हा विनोदी नट होता. त्याने साडीच्या जागी गाऊन चढवला आणि तो विनोदी नटच राहिला. बापूरावांच्या बाबतीत उलट होते. ज्याने स्त्री म्हणून विश्वसनीय दिसण्याची विद्या वर्षानुवर्षे घोटली त्याला आता असा पुरुष करावयाचा होता की ज्याला ती विद्या अर्धवट येते. पदर कोठे घसरावा, आवाज कोणत्या शब्दावर फाटावा, पाऊल कोठे लांब पडावे, हे चुकविण्यासाठी आधी ते न चुकणारे लागते. प्रेक्षागृहातील पन्नाशीच्या रसिकाने स्त्रीपार्टीचे वैभव डोळ्यांनी पाहिले होते. त्याला या चुकांमधून मूळ बिनचूकपणा दिसत असणार. लंडनमध्ये ज्या प्रसंगाने नियमाचा भंग दाखविला तोच प्रसंग येथे संपलेल्या नियमाचा निरोप घेत होता. इंग्रजी संहितेच्या एकाही ओळीत हा अर्थ नाही. तो या रंगभूमीने आपल्या इतिहासातून तिच्यात घातला.

वसाहतीच्या सांस्कृतिक व्यवहाराची चर्चा करताना होमी भाभा यांची अनुकृतीची उपपत्ती (१९८४) आता जवळजवळ प्रतिक्षिप्तपणे पुढे केली जाते. वसाहतीतील प्रजा शासकाची नक्कल करते, ती नक्कल जवळजवळ तशीच पण पूर्णपणे तशी नसते, आणि या उरलेल्या फरकाने शासकाचा अधिकार डळमळतो, असा तिचा आशय. पदव्युत्तर वर्गात ही उपपत्ती शिकविताना विद्यार्थी उत्साहाने उदाहरणे देतात. ‘मोरूची मावशी’ही कोणीतरी देतेच. नक्कल करणाऱ्याचे नाटक, नकलेचेच नाटक, यापेक्षा नेमके उदाहरण कोणते? पण हे उदाहरण सहज बसते म्हणूनच सावध राहावयास हवे. अनुकृतीच्या उपपत्तीत पुढाकार नेहमी शासकाकडे असतो. प्रजा प्रतिसाद देते, मग तो प्रतिसाद कितीही उपहासाचा असो. येथे पन्नासहून अधिक वर्षांचा जो काळ मधे गेला त्याचे काय करावयाचे? नक्कल करणारा इतका थांबत नाही. नाटक हाती नव्हते असेही म्हणता येत नाही. मराठी व्यावसायिक रंगभूमीने हे नाटक तिची स्वतःची स्त्रीपार्टी संपत आली तेव्हा, स्वतःच्या कारणासाठी उचलले; आणि तोवर ते ज्या साम्राज्याचे अपत्य होते तेही येथून निघाले होते किंवा निघण्याच्या बेतात होते. कर्नल चेस्नींच्या हिंदुस्थानाला त्यानंतर नाटकात काही कामच उरले नाही.

‘प्रभाव’ हा आपला दुसरा लाडका शब्दही असाच तपासून घ्यावयास हवा. प्रभाव म्हणजे वरून खाली वाहणारे पाणी, अशी त्यामागील प्रतिमा आहे. शेक्सपिअरच्या बाबतीत अभ्यासक्रमाचा पाट होता, म्हणून ती प्रतिमा काही अंशी खपून गेली. फार्सला कोणी पाट काढून दिला नाही. तो ज्याला हवा त्याने, हवा तेव्हा, हवा तेवढा घेतला. म्हणून वसाहतीकालीन रंगभूमीच्या अंतर्गत गरजा समजून घ्यावयाच्या असतील तर शेक्सपिअरच्या रूपांतरांपेक्षा फार्सची रूपांतरे अधिक प्रामाणिक साक्ष देतात, असे मला वाटते. तेथे प्रतिष्ठेचा लोभ नसतो. हशा मिळाला नाही तर नाटक दुसऱ्या दिवशी बंद पडते. खुद्द इंग्रजी फार्सचाही वंशवृक्ष असाच आहे: मॉर्टनचे ‘बॉक्स अँड कॉक्स’ (१८४७) फ्रेंचवरून, हॉट्रीचे ‘द प्रायव्हेट सेक्रेटरी’ जर्मनवरून. साम्राज्याने जगाला पाठविलेला हा माल मुळात उसनवारीचा होता. त्याच्या मूळपणाची चिंता मराठी समीक्षेने एकटीने का वाहावी, कळत नाही.

१९८५ मध्ये ‘मोरूची मावशी’ पुन्हा रंगभूमीवर आले. विजय चव्हाण मावशी झाले. प्रशांत दामले, प्रदीप पटवर्धन सोबत होते. अशोक पत्कींच्या चालीवरील मावशीचे गाणे नाटक न पाहिलेल्यांनाही पाठ झाले. चव्हाण २०१८ मध्ये निवर्तले तेव्हा बहुतेक ठिकाणी त्यांचा उल्लेख याच भूमिकेने झाला. ही मावशी बापूरावांच्या मावशीपेक्षा वेगळी होती आणि तशी ती असणे भाग होते. चव्हाणांच्या मागे स्त्रीपार्टीची तालीम नव्हती. प्रेक्षकांच्या मागे तिची आठवण नव्हती. त्यांच्या शेजारी नटी असणे याचे कोणाला अप्रूप नव्हते. आश्चर्य म्हणजे येथे येऊन मराठी मावशी प्रथमच पेनलीच्या आण्टच्या जवळ पोहोचली: एक विनोदी नट, स्त्रीवेषात, आणि सभोवती खऱ्या स्त्रिया. त्याच वेळी ती गाऊ आणि नाचू लागली, तशी पेनलीची आण्ट नाचत नव्हती. गवळणीतली मावशी मात्र नाचत आली आहे. स्त्रीपार्टीच्या काळात सुशिक्षित रंगभूमीने जिच्याशी ओळख दाखविली नव्हती ती मावशी ही, की ब्राझीलहून निघालेली ती, हे त्या नाचात वेगळे करून दाखविता येत नाही.